‘पालकांच्या पैशावर मालकाची हौस’ या अभिप्रायाला क्लबचे उत्तर

सादर नमस्कार.

एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. ऑक्टोबरपासून मासिक फी 2,500 रुपयांवरून 3,000 रुपये करण्यात आली, त्याची सूचना जेमतेम आठवडाभर आधी व्हॉट्सॲप गटावर देण्यात आली आणि वाढीव पैसे मुलांवर खर्च न होता पुणे जिल्हा लीगमध्ये खेळणाऱ्या आमच्या फुटबॉल क्लबच्या सीनियर संघावर खर्च होतात, असे आपले म्हणणे आहे. या सगळ्यात आपल्याला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. परंतु ‘पालकांच्या पैशावर मालकाची हौस’ हे आपले वाक्य फार लागले. क्लबची चौकशी करणारे पालक आधी हेच पान उघडतात, म्हणून उत्तरही येथेच देत आहे.

फी वाढली ती मैदानभाड्यामुळे. आपली मुले ज्या टर्फवर संध्याकाळी सराव करतात ते क्लबच्या मालकीचे नाही. ते तासाच्या दराने घेतलेले आहे. पावसाळा संपला की बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्यांची गर्दी सुरू होते, संध्याकाळच्या वेळेला मागेल तो दर मिळतो, आणि मैदानाच्या चालकांनी ऑक्टोबरपासूनचा नवा दर आम्हाला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळवला. तो ज्या दिवशी कळला त्याच दिवशी आम्ही पालकांना कळवला. सराव सकाळी हलवला असता तर भाडे निम्म्यावर आले असते, पण सकाळी मुलांची शाळा असते. या 3,000 रुपयांतच 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे प्रत्येक मुलामागे सुमारे 458 रुपये कराचे. मैदानभाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते, प्रशिक्षकांच्या मानधनावर ती मिळत नाही, आणि क्लबचा सर्वात मोठा खर्च मैदानाच्या खालोखाल मानधनाचाच आहे. शिवाय भाडे आणि मानधन बारा महिने चालू राहते. फी मात्र बारा महिने येत नाही. मार्चमध्ये परीक्षा असतात, मे महिन्यात कुटुंबे गावी जातात. आपणही मार्चमध्ये मुलाला परीक्षेसाठी थांबवले होते आणि त्या महिन्याची फी भरली नव्हती. आम्ही ती मागितली नाही, त्याची जागाही दुसऱ्या मुलाला दिली नाही. हे सांगावे लागेल असे कधी वाटले नव्हते.

आता सीनियर संघाविषयी. या संघातील एकाही खेळाडूला पगार दिला जात नाही. त्यांना सामन्याच्या दिवशीचा प्रवासखर्च आणि नाश्ता मिळतो. जर्सी, नोंदणी आणि प्रवेशशुल्क हे छातीवर ज्यांचे नाव असते त्या स्थानिक प्रायोजकाच्या आणि उन्हाळी शिबिराच्या पैशांतून भागते. त्यांपैकी काही जण आपल्या मुलांच्या गटाला शिकवतात आणि त्या शिकवण्याचे मानधन फीमधून घेतात, ही गोष्ट खरी आहे, पण ते मुलांसाठी केलेल्या कामाचे पैसे आहेत. जिल्हा लीगच्या सामन्यांना तिकीट नसते, दूरचित्रवाणीचे हक्क नसतात, बक्षिसाच्या रकमेत हंगामाचा बुटांचा खर्चही निघत नाही. एखादा मुलगा पुढे व्यावसायिक झाला तर घडवणाऱ्या क्लबांना वाटा मिळावा म्हणून फिफाने आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या (खेळाडू एका देशाच्या क्लबकडून दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जातो तेव्हाच्या) रकमेतील 5 टक्के राखून ठेवण्याचा नियम केला आहे. परंतु त्या आशेवर कोणी पुढच्या महिन्याचे भाडे भरू शकत नाही.

तरीही हा संघ आम्ही का ठेवतो, असे आपण विचारता. वयोगटांच्या स्पर्धा एका वयाला संपतात. त्यानंतर खेळायला आपल्याच क्लबचा लीग संघ नसेल तर अठराव्या वर्षी मुलगा बूट माळ्यावर टाकतो. मोठ्या क्लबचा आधार घ्यावा म्हणाल, तर पुण्याने तेही पाहिले आहे. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, दुसऱ्या क्रमांकावर होता आणि 2015 नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर थांबला. एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली जागा 2019 मध्ये हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय विजेता होऊन 2010 मध्ये बंद झाला, आणि गोव्यात 2016 मध्ये धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग या तीन जुन्या क्लबांनी एकदमच आय-लीग सोडली. या क्लबांच्या मागे आमच्यापेक्षा कितीतरी मोठे पैसे होते. पण ते बहुतांशी एकाच घराण्याचे किंवा उद्योगाचे होते, आणि तिथला निर्णय बदलला की खेळाडू, प्रशिक्षक, अकादमीतली मुले सगळेच उघड्यावर पडले. त्यातल्या काही मुलांना मी नंतर क्लब शोधत फिरताना पाहिले आहे. (धेंपो खालच्या लीगमधून झगडत 2024 मध्ये आय-लीगमध्ये परतला, याचा मला मनापासून आनंद झाला.) म्हणूनच आम्ही जेवढी फी येते तेवढ्यातच अकादमी चालवतो, सीनियर खेळाडूंना पगाराची आश्वासने देत नाही आणि कर्ज काढून बाहेरचे खेळाडू आणत नाही. याला हौस म्हणता येईल का, हे आपणच ठरवावे. मी स्वतः क्लबमधून मोबदला घेत नाही. दिवसाची नोकरी संपवून मैदानावर येतो.

आपल्या सूचनेची दखल घेतली आहे. फीमधील बदल यापुढे शक्य तितक्या आधी आणि लेखी कळवण्याचा प्रयत्न राहील, तसेच जमाखर्चाचा गोषवारा पालकसभेत मांडण्याचा विचार आहे.

आपण डिसेंबरपर्यंतची फी जुन्या दराने आगाऊ भरलेली आहे. तिच्यावरचा फरक आम्ही मागितलेला नाही आणि मागणारही नाही. मुलाला दुसऱ्या क्लबमध्ये न्यायचे असल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीवरील त्याच्या बदलीला आमच्याकडून अडथळा होणार नाही आणि उरलेल्या महिन्यांची रक्कम परत केली जाईल. राहायचे असल्यास 13 वर्षांखालील संघाच्या यादीत त्याचे नाव कायम आहे, आणि जन्मदाखल्याची प्रत तेवढी अजून आलेली नाही, ती शनिवारपर्यंत व्यवस्थापकांकडे द्यावी.

आपला,
क्लबचा संचालक