येणार नसाल तर ‘येतो’ म्हणू नका

नाही म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वेळ नाही, रस नाही, असले खेळ आवडत नाहीत, सरळ सांगा, विषय संपला. माझं डोकं फिरतं ते ‘येतो गं, नक्की येतो’वाल्यांमुळे. ग्रुपवर पोल टाकला की पहिलं मत यांचं. आणि शनिवारी चार वाजता फोन केला की, ‘अगं, आज आहे का?’ हो, आजच आहे! सोमवारी ठरलं, गुरुवारी आठवण केली, आज सकाळी परत केली. ब्लू टिक आल्या होत्या तुमच्या.

आमचा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स: टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट खेळायची. त्यात खेळाडूला एक पात्र सांभाळायचं असतं. एकच. उरलेलं सगळं जग डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या डोक्यावर. आमच्याकडे ती मी. आमच्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एकाच गोष्टीसाठी, मला युरोपातली सराय आणि बर्फाळ डोंगर नको होते, म्हणून मी घाटमाथा उभा केला. खाली बंदर, वर जकातीचं नाकं, मधल्या जंगलात पडका किल्ला, पावसाळ्यात बंद होणारी घाटवाट. नाक्यावरचा हवालदार कुणाकडून पैसे खातो, बंदरातल्या व्यापाऱ्याचं कुणाशी वाकडं आहे, हे सगळं मी ऑफिसातून आल्यावर रात्री बसून लिहिलंय. नकाशे हाताने काढलेत. ते कुणी मागितले नव्हते, मला आवडतं म्हणून केलं, मान्य. पण ‘हो, खेळूया, मस्त होईल’ हे तुम्ही म्हणाला होतात.

गेल्या शनिवारी किल्ल्यातली लढाई होती. पाचव्या लेव्हलची पाच पात्रं धरून मांडलेली. या खेळात लढाईचा सगळा हिशोब माणसांवर असतो. एक खुर्ची रिकामी राहिली की प्रत्येक फेरीत आपल्या बाजूची एक चाल कमी, आणि शत्रूच्या मात्र तेवढ्याच. त्यात न येणारा क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा पुजारी असला तर पडलेल्याला उठवणारंच कुणी नाही. आमच्या क्लेरिकचा साडेपाचला मेसेज: ‘ट्रॅफिकमध्ये आहे, सुरू करा.’ आम्ही सुरू केलं. त्यानंतर ना मेसेज, ना माणूस. मी खेळता खेळता शत्रूकडचे हॉबगॉब्लिन नावाचे राक्षस कमी केले, उरलेल्यांचे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला तो आकडा, गुपचूप उतरवले, तरी आमचा फायटर, म्हणजे लढवय्या, शून्यावर गेला. शून्यावर गेलं की आपली पाळी आली की डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा. दहा किंवा वर म्हणजे यश, खाली म्हणजे अपयश. तीन अपयशं आली की पात्र मेलं. त्याला सहा पडले, मग चार, मग नऊ. क्लेरिक असता तर हीलिंग वर्ड नावाच्या एका मंत्राने तो उभा राहिला असता, त्या मंत्राला क्लेरिकच्या पाळीतली मुख्य चालसुद्धा लागत नाही.

हा फायटर कोण खेळत होता? पिंपरीहून मेट्रोने वेळेआधी आलेला मुलगा. दर वेळी येतो, स्वतःची कॅरेक्टर शीट नीट भरून आणतो, स्वतःचे फासे आणतो. जो आला त्याचं पात्र मेलं, आणि जो आला नाही त्याचं पात्र शीटवर सुखरूप आहे. रविवारी सकाळी ग्रुपवर त्याच क्लेरिकचा प्रश्न, ‘काल काय झालं?’ सोबत हसरा चेहरा. मी फोन आपटला नाही एवढंच.

आणि जे येतात त्यांच्यातलेही सगळे येतात असं नाही. आमची ‘रोग’ (Rogue, म्हणजे लपूनछपून वार करणारं पात्र खेळणारी) पाचव्या लेव्हलला पोचलीय आणि अजून दर फेरीला विचारते, ‘स्नीक अटॅकला काय टाकायचं?’ तीन डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, बाई! ते तुझ्याच शीटवर, तुझ्याच अक्षरात लिहिलंय. साथीदार शत्रूच्या शेजारी उभा असला की हा जास्तीचा मार मिळतो, तो उभा आहे, टाक. मूळ नियम इंटरनेटवर फुकट आहेत, 2023 च्या जानेवारीपासून तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले आहेत. अख्खे वाचा असं कुणी म्हणत नाहीये. स्वतःच्या पात्राचं एक पान वाचा. पण नाही, पाळी संपली की मान खाली, मोबाइलवर मॅच. परत पाळी आली की, ‘सॉरी, कुठे आहोत आपण?’

याच बाईंनी सुरुवातीला मला पात्राची पार्श्वभूमी पाठवली होती. दोन ओळी. धाकटा भाऊ लहानपणी बंदरावरून नाहीसा झाला, ती त्याला शोधतेय. मला त्या इतक्या आवडल्या की मी पुढचा सगळा डाव त्यावर रचला. नाक्यावरच्या वहीत मुलाचं नाव, किल्ल्यातल्या भिंतीवर कोरलेली होडी, बंदरातल्या म्हातारीने सांगितलेली अर्धवट गोष्ट. एकेक धागा सोडत आणला. शेवटी किल्ल्याच्या तळघरात एक तरुण बेड्यांमध्ये सापडतो, मान वर करतो आणि तिला लहानपणच्या नावाने हाक मारतो. मी आवाज बदलून ती हाक मारली. टेबलावर शांतता. पिंपरीवाल्याचे डोळे मोठे झाले, त्याला कळलं होतं. आणि ही मोबाइलवरून वर बघत म्हणाली, ‘हा कोण? मी ओळखते का याला?’

तुझा भाऊ! तू लिहिलेला!

यावर मला ऐकवलं जातं, ‘अगं, खेळच तर आहे.’ ठीक. क्रिकेटही खेळच आहे ना? याच लोकांनी बॉक्स क्रिकेटसाठी टर्फ बुक केलं की सकाळी सहाला बूट घालून हजर असतात, कारण तासाचे पैसे आधी भरलेले असतात आणि एक माणूस कमी पडला तर बाकीचे शिव्या घालतात. आमच्यातल्या दोघांनी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक केलाय. तेव्हा ताप अंगात घेऊन तालमीला जायचे, त्याच्या गोष्टी आजही रंगवून सांगतात. म्हणजे आपण गेलो नाही तर दुसऱ्याचं अडतं, हे यांना चांगलं कळतं. फक्त माझ्या घरी, माझ्या टेबलावर ते कळेनासं होतं. कारण इथे पैसे माझे, पुस्तकं माझी, चहा-वडे माझे, रात्रीची जागरणंही माझी. दुसऱ्याचं गेलं तर ते मोजायचंच नाही, असा यांचा हिशोब आहे.

‘मग सुटसुटीत खेळव, जो येईल तो खेळेल’ हा सल्लाही मिळालाय. वाईट नाही तो. हा खेळ 1974 साली छापून आला, पण त्याआधीपासून तो बनवणाऱ्या डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या टेबलांवर असंच चालायचं, माणसं येत-जात असत. मी ते आधीच विचारलं होतं. प्रत्येक वेळी वेगळी मोहीम, संध्याकाळी गावात परत, गैरहजेरीचा त्रास नाही. तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, ‘छे, आपल्याला मोठी स्टोरी हवी. आपली पात्रं त्यात हवीत.’ मोठी गोष्ट हवी होती, तर त्या गोष्टीत बसायला यायचं कुणी?

आता ठरलंय. शनिवार बंद. रविवारी सकाळी दोघांबरोबर खेळणार आहे. पिंपरीवाला नवं पात्र घेऊन येतोय, आणि आमची विझार्ड (जादूगार), जी आजवर एकदाच आली नाही आणि तेही आदल्या रात्री फोन करून. दोघांपुरत्या लढाया मी नव्याने मांडतेय, सोबतीला एक क्लेरिक मीच चालवीन. तळघरातल्या त्या भावाला सोडवायचं की तिथेच ठेवायचं, तेही हे दोघंच ठरवतील. बाकीच्यांनी ग्रुपवर ‘पुढे काय झालं?’ विचारू नये, मी सांगणार नाही.