सफाई कामगार, एक फोन आणि तिखट चीटोस

माझी भाची फूड टेक्नॉलॉजी शिकते. परवा तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, घरच्या ग्रुपवर ‘फ्लेमिन हॉट चीटोस’ या तिखट मक्याच्या कुरकुरीत स्नॅकच्या जन्माचा तो मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघ बाई, डिग्री-बिग्री काही लागत नाही, आयडिया लागते.’ लगेच सगळ्यांचे अंगठे. मी स्नॅक्सची सीझनिंग, म्हणजे वरून लावायची मसाल्याची पूड, तयार करणाऱ्या खात्यात काम करतो, त्यामुळे हा मेसेज फिरून फिरून माझ्याकडे येतोच. आजवर सोडून दिला. पण शिकणाऱ्या पोरीला तिचं शिक्षण फुकट आहे असं सांगायला तो वापरला जात असेल, तर आता गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेतल्या फ्रिटो-ले या पेप्सिकोच्या स्नॅक कंपनीच्या कारखान्यात रिचर्ड मॉन्टान्येझ नावाचा सफाई कामगार होता. एक दिवस मशीन बिघडलं. मसाला न लागलेले चीटोस त्याने घरी नेले, तिखट लावलं. मग थेट सीईओ रॉजर एन्रिकोंना फोन केला. लायब्ररीतून मार्केटिंगचं पुस्तक आणलं, तीन डॉलरचा टाय घेतला, मोठ्या साहेबांपुढे सादरीकरण केलं. त्यातून ‘फ्लेमिन हॉट चीटोस’ जन्मले, बुडती कंपनी वाचली आणि तो व्हाइस प्रेसिडेंट झाला.

आधी फोनचं बघू, कारण अख्खी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

लॉस एंजेलिस टाइम्सने मे २०२१ मध्ये या गोष्टीचा सविस्तर माग काढला. जुनी कागदपत्रं तपासली, त्या काळात कंपनीत असलेल्या लोकांशी बोलले. त्यातून निघालेला क्रम सरळ आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात लिन ग्रीनफेल्ड नावाची नुकतीच एमबीए झालेली तरुण कर्मचारी टेक्सासमधल्या प्लेनोच्या मुख्यालयात रुजू झाली आणि हा ब्रँड उभा करायचं काम तिच्याकडे आलं. ‘फ्लेमिन हॉट’ हे नाव तिचं. १९९० मध्ये माल शिकागो, डेट्रॉइट, ह्यूस्टनच्या टेस्ट मार्केटमध्ये, म्हणजे मोजक्या शहरांतल्या चाचणी विक्रीत, होता. आणि एन्रिको फ्रिटो-लेचे प्रमुख म्हणून आले १९९१ च्या सुरुवातीला. पेप्सिकोचे सीईओ तर ते १९९६ मध्ये झाले. म्हणजे ज्यांना फोन करून हे उत्पादन सुचवलं म्हणतात, ते त्या खुर्चीत बसायच्या आधीच पाकिटं दुकानात लागलेली होती. फोन झालाही असेल, पण त्या फोनमधून हे उत्पादन निघालेलं नाही. फ्रिटो-लेने तेव्हा वर्तमानपत्राला स्पष्ट सांगितलं की टेस्ट मार्केटच्या कामात मॉन्टान्येझ कुठेही असल्याची आपल्याकडे नोंद नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की या मेसेजमध्ये ग्रीनफेल्डचं नावच नाही. ती त्या शहरांतल्या छोट्या दुकानांत हिंडली, लोक काय उचलतात ते पाहिलं, पॅकिंगवाल्यांबरोबर आणि चव ठरवणाऱ्यांबरोबर बसून काम केलं. मुळात कंपनीला तिखट माल काढावासा वाटला तो कोणाच्या स्वयंपाकघरामुळे नाही. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, शहरी वस्त्यांत, कोपऱ्यावरच्या दुकानांत छोट्या कंपन्यांचे तिखट स्नॅक्स खपत होते आणि मोठ्या कंपनीकडे त्या फळीवर ठेवायला काही नव्हतं. या धंद्यात नवा माल बहुतेक वेळा असाच जन्मतो. गिऱ्हाईक दुसऱ्याचं काय घेतंय ते आधी दिसतं, मग ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं त्याची लेखी मागणी, निघतो, मग ट्रायल. २०१८ मध्ये ग्रीनफेल्डने स्वतः कंपनीशी संपर्क साधला, तेव्हा कुठे आतली चौकशी सुरू झाली. तोवर तिच्या कामाचं श्रेय जगभर दुसऱ्याच्या नावाने फिरत होतं.

आता घरी तिखट लावण्याचा मुद्दा. लावलं असेल. कारखान्यातल्या माणसाने असा प्रयोग केला नसेल असं मी कशाला म्हणू? पण त्याला उत्पादन म्हणत नाहीत. मक्याचं भरड पीठ एक्स्ट्रूडर नावाच्या मशीनमधून दाबाने बाहेर पडतं, पडताक्षणी फुगतं, मग तळलं जातं. त्यानंतर फिरत्या ड्रममध्ये तेल आणि सीझनिंग. खरी मारामारी तिथे असते. पूड जाड असली तर पाकिटाच्या तळाशी जाऊन बसते, फार बारीक असली तर हवेत उडते आणि लाइनवरची माणसं खोकत बसतात. पहिल्या दाण्याला आणि शेवटच्या दाण्याला चव सारखी लागली पाहिजे, आणि ती पाकिटात कित्येक आठवडे टिकली पाहिजे. फ्लेमिन हॉटच्या पाकिटावरची यादी वाचा: माल्टोडेक्स्ट्रिन, मोनोसोडियम ग्लुटामेट (अजिनोमोटो), सायट्रिक ॲसिड, रेड ४० लेक (लाल रंग). पूड मोकळी राहावी आणि चव सगळीकडे सारखी पसरावी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन. तिखटाच्या मागून जो आंबटपणा येतो आणि हात पुन्हा पाकिटात जातो, तो सायट्रिक ॲसिडचा. आणि ‘लेक’ प्रकारचा रंग यासाठी, की तो पाण्यात विरघळत नाही, तेलात पसरतो, म्हणून तेलकट दाण्यावर एकसारखा बसतो. यातलं एकेक ठरवायला शिकलेली माणसं लागतात. दाजी, तुमची लेक नेमकं हेच शिकतेय.

‘कंपनी बुडत होती’ हे साफ खोटं. फ्रिटो-ले तेव्हाही अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्नॅक कंपनी होती. स्पर्धेचा ताण होता, ईगल स्नॅक्ससारखे प्रतिस्पर्धी मागे लागले होते, १९९१ मध्ये नोकरकपातही झाली. पण १९९६ मध्ये गाशा गुंडाळला तो ईगलने.

‘यावर सिनेमा निघालाय’ असंही लोक सांगतात, पण तो पुरावा होत नाही. सिनेमा २०२३ चा, वर्तमानपत्रातला तपास त्याच्या दोन वर्षं आधीचा.

आता जे खरं आहे तेही सांगतो, मनात नसलं तरी. मॉन्टान्येझ कॅलिफोर्नियातल्या रँचो कुकामोंगाच्या कारखान्यात खालच्या कामावर लागला आणि मार्केटिंगमधल्या वरच्या पदावरून निवृत्त झाला, हे खरं आहे. १९९० च्या दशकात लॅटिनो गिऱ्हाइकांसाठी ‘साब्रोसितास’ नावाची मालिका निघाली, तिच्यात त्याचा हात होता आणि फ्लेमिन हॉट पॉपकॉर्न त्याच मालिकेतलं. टाइम्सची बातमी गाजल्यावर पेप्सिकोनेही सूर बदलला आणि चीटोसचं श्रेय मॉन्टान्येझसह अनेकांचं आहे असं म्हटलं. तो स्वतः आपल्या म्हणण्यावर ठाम आहे. २०२४ मध्ये त्याने कंपनीवर दावाही लावला. पण पेप्सिकोच्या त्या दुसऱ्या निवेदनातही १९९० चं टेस्ट मार्केट खोटं होतं असं कुठेच म्हटलेलं नाही, आणि तारखा होत्या तिथेच आहेत.

कारखान्यातून वर गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायची असेल तर साब्रोसितासची सांगा, ती त्याची आहे. आणि ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा टाकायचाच असेल तर त्यातलं ‘डिग्री लागत नाही’ हे वाक्य काढा आणि लिन ग्रीनफेल्डचं नाव घाला.