अर्धी माती, अर्धं गवत

आमच्या आवडी जुळतात ही अफवा आम्ही दोघांनीच पसरवली. लग्नाआधी कुणी विचारलं की उत्तर तोंडपाठ असायचं. दोघांनाही टेनिस आवडतं, दोघांनाही भटकायला आवडतं, दोघांनाही घरात काहीतरी जुळवत बसायला आवडतं. ऐकणारे कौतुकाने माना डोलवायचे. "मग काय, सुट्टीचा प्रश्नच मिटला!"

ज्या जोडप्यांच्या आवडी अजिबात जुळत नाहीत, त्यांचा मला आता हेवा वाटतो. एकजण बागेत रमतो, दुसरी पुस्तकात. संध्याकाळी भेटतात, दिवस कसा गेला ते एकमेकांना विचारतात आणि उत्तर खरोखर ऐकतात. भांडायचं म्हटलं तर त्यांना विषय शोधावा लागतो. आमचे सगळे विषय सामाईक आहेत.

टेनिसचंच घ्या. "मलाही टेनिस आवडतं" असं दोघं एका सुरात म्हणालो, तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचं कुणालाच सुचलं नाही. कुणाचं? नवरा रॉजर फेडररचा निघाला. मी राफाची, म्हणजे राफाएल नदालची.

आता कुणी म्हणेल, अहो, दोघंही निवृत्त झाले की. झाले. फेडरर सप्टेंबर २०२२ मध्ये, राफा नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि आमचं लग्न त्यानंतरचं. फेडररचा शेवटचा सामना तर दोघं एकाच बाजूने खेळले. लंडनमध्ये लेव्हर कप या सांघिक स्पर्धेत दुहेरीत हरले आणि नंतर शेजारी शेजारी बसून, हातात हात घेऊन रडले. म्हणजे मूळ पक्षकारांनी तडजोड केलेली आहे. दावा फक्त आमच्या घरात चालू आहे.

फेडररच्या भक्तांशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही मंडळी आपला माणूस जिंकला असं कधी म्हणत नाहीत, "काय खेळला!" म्हणतात. हरला तरी तेच म्हणतात. घाम येणं हा त्यांच्या लेखी दुसऱ्या खेळाडूचा दोष असतो. माझ्या नवऱ्याचं तर जीवनविषयक तत्त्वच हे आहे की कष्ट दिसता कामा नयेत. घरकामात तो हे तत्त्व इतक्या काटेकोरपणे पाळतो की कष्ट अजिबातच दिसत नाहीत.

आमचं तसं नाही. राफा कसा, प्रत्येक पॉइंट शेवटचा असल्यासारखा खेळायचा. सर्व्हिस करण्याआधी नाक, कान, केस सगळ्यांची हजेरी घ्यायचा, रेषेवर पाय पडू द्यायचा नाही आणि बाकासमोर दोन बाटल्या ठेवायचा त्या एकीमागे एक, लेबलं कोर्टाकडे करून. मला हे सगळं अगदी समजण्यासारखं वाटतं. बाथरूममधल्या फळीवर माझ्याही बाटल्या अशाच असतात. नवऱ्याला ते कळल्यापासून रोज सकाळी एका बाटलीचं लेबल भिंतीकडे वळलेलं असतं. मी काही बोलत नाही, फिरवून पुन्हा सरळ करते. एकदा न राहवून विचारलं तर म्हणाला, "२०१४ च्या विम्बल्डनला रोसोलने तुझ्या राफाची बाटली पाडली होती, आठवतंय?" आठवतंय. सामना राफाच जिंकला होता, तेही आठवतंय.

आकडे काढले की वाद लवकर संपतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे एक संध्याकाळ काढावी. दोघं समोरासमोर ४० वेळा आले. राफा २४, फेडरर १६. माझ्या मते विषय इथे संपला. नवऱ्याच्या मते इथे सुरू होतो. "क्ले बाजूला ठेव," तो म्हणतो, म्हणजे मातीची कोर्टं. "क्लेवरचे १४-२ काढ. मग बघ. उरलेल्यात फेडरर १४, राफा १०." हिशेब बरोबर आहे, हे मी गुपचूप ताडून पाहिलं आहे. पण क्लेवरच्या चौदा फ्रेंच ओपन जिंकलेल्या माणसाचं मोजमाप क्ले बाजूला ठेवून करायचं? मग फेडररचंही मनगट बाजूला ठेवू या.

२००८ ची विम्बल्डन फायनल आम्ही अधूनमधून पुन्हा बघतो. एकत्र बघतो म्हणणं धाडसाचं होईल. पहिले दोन सेट राफाने ६-४, ६-४ घेतले, तेवढा वेळ नवऱ्याला बाल्कनीतली झाडं आठवतात. तिसऱ्या आणि चौथ्या सेटचे टायब्रेक (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) फेडररने काढले, त्या वेळी नवरा सोफ्यावर मांडी घालून असतो आणि मला फोन आलेला असतो. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये राफाच्या मॅच पॉइंटवर फेडररने मारलेला तो बॅकहँड मी फोनवर बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, कारण माणसात थोडी तरी खिलाडूवृत्ती हवी. पाचवा सेट सुरू झाला की नवरा "आता अंधारच पडलेला असतो, काही दिसत नाही" म्हणून झोपायला जातो. ९-७ मी एकटी बघते. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा सामना, दोघांनी मिळून पूर्ण पाहिलेला.

२०१९ ची विम्बल्डन फायनल मात्र घरात लागत नाही. नोव्हाक जोकोविचविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ८-७, फेडररची सर्व्हिस, ४०-१५, हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट आणि नंतर जे झालं ते झालं. नवऱ्यासमोर हा स्कोअर उच्चारायचा नाही असा अलिखित नियम आहे. अडचण अशी की आम्ही स्वतःही टेनिस खेळतो आणि टेनिसमध्ये तो स्कोअर टाळता येत नाही. सर्व्हिस त्याची असली की तो रेषेपाशी येतो, चेंडू दोनदा टप्पे देतो, माझ्याकडे न बघता म्हणतो, "चाळीस… आणि ते." मग डबल फॉल्ट करतो.

आमच्या खेळण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकमेकांविरुद्ध खेळलो तर जिंकणाऱ्याचा दिवस खराब जातो, म्हणून आम्ही बहुतेकदा जोडीने खेळतो. दुहेरीत खरी परीक्षा मधल्या बॉलची असते. दोघांच्या बरोबर मधून येणारा बॉल कुणी घ्यायचा याचा सर्वसाधारण नियम, ज्याचा फोरहँड मध्यभागी त्याने. हा नियम नवविवाहितांसाठी लिहिलेला नाही. सुरुवातीला आम्ही दोघंही रॅकेट खाली करून "तू घे", "नाही नाही, तू घे" करायचो. प्रतिस्पर्धी बिचारे लाजायचे. आता तेवढा संकोच उरलेला नाही. आता दोघंही बॉलवर झडप घालतो, रॅकेटवर रॅकेट आपटते आणि बॉल त्याच जागेवरून मागे जातो. प्रगती आहे म्हणायची.

स्पर्धेचा उपद्रव नको म्हणून जिगसॉ आणला, तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचा. हजार तुकड्यांचा. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशेवाल्याने १७६० च्या दशकात मुलांना भूगोल शिकवायला लाकडावर नकाशे चिकटवून कापले, तिथून हा प्रकार सुरू झाला. त्या मुलांची लग्नं झालेली नव्हती. नवरा आधी कडा लावतो, मी रंगावरून जाते. त्यामुळे त्याची चौकट तयार असते आणि माझं आभाळ टेबलाच्या कोपऱ्यात पोरकं पडलेलं असतं. शेवटी दोन तुकडे कमी निघाले. एक त्याच्या खिशात होता, शेवटचा तुकडा आपणच लावावा म्हणून. मी काही बोलले नाही, कारण दुसरा माझ्या मुठीत होता. अशा बऱ्याच जिगसॉमध्ये ३८ गुणिले २७ अशी मांडणी असते, म्हणजे हजार नाही, १०२६ तुकडे. वरचे सव्वीस बहुधा अशाच जोडप्यांसाठी असावेत.

राहता राहिलं भटकणं. इथेही आवड एकच, पद्धती दोन. मी पहाटे उठून डोंगर चढणार, उतरून दरी बघणार आणि अंधार पडेपर्यंत यादीतलं काही सोडणार नाही. त्याच्या मते माणूस बाहेरगावी जातो ते वेगळ्या छताकडे बघत पडायला. २००७ मध्ये स्पेनमधल्या मायोर्का बेटावर राफा आणि फेडरर एका विचित्र कोर्टवर खेळले होते. जाळीच्या एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला क्ले. दर वेळी बाजू बदलताना दोघं बूट बदलायचे. त्यावरून आम्ही सहलीचा करार केला. शनिवार फेडररच्या गवताचा, नवऱ्याचा. रविवार राफाच्या मातीचा, माझा. (तो सामना राफाने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये १२-१० असा काढला. करार करताना मी याचा उल्लेख केला नाही.) त्या दोघांना बूट बदलायला दोन मिनिटं तरी मिळायची. आम्हाला शनिवारी रात्री झोपेतून रविवारी पहाटे चढणीवर यायला तेवढीही मिळत नाहीत, असं नवरा म्हणतो आणि हे वाक्य तो चढणीवर दर वळणाला म्हणतो.

करारात एक भोक राहिलं होतं. टेनिसच्या मोठ्या फायनल रविवारी असतात. ८ जून २०२५ ला फ्रेंच ओपनची फायनल होती, अल्काराझविरुद्ध सिनर, आणि आम्ही डोंगरावर एका खोलीत होतो. खोलीत टीव्ही होता, रिमोटही होता, पण दोघांची ओळख नव्हती. म्हणून दोघांनी आपापले फोन उघडले.

मला वाटलं, अल्काराझ माझा. स्पेनचा, क्लेवरचा, अशक्य बॉलमागे धावणारा. नवरा तत्त्व म्हणून सिनरकडे जाईल. तर हा म्हणाला, "अल्काराझ? तो तर आमचा! हात बघ त्याचा." लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही एकाच बाजूला होतो आणि याहून वाईट संध्याकाळ आठवत नाही. अल्काराझने जाळीलगत अलगद ड्रॉप शॉट टाकला की नवरा छाती फुगवायचा, "रॉजर!" धावत जाऊन कोपऱ्यातून बॉल काढला की मी ओरडायचे, "राफा!" ड्रॉप शॉट टाकून मग स्वतःच पुढे धावत गेला, तर त्या पॉइंटवर चार गेम वाद चालायचा.

त्यात फोनचं वेगळंच. इंटरनेटवरचं प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि प्रत्येक फोन त्यातले थोडे साठवून मग दाखवायला लागतो. त्यामुळे शेजारी ठेवलेले दोन फोनही एका वेळेत नसतात. माझा पुढे होता, त्याचा अर्धा मिनिट मागे. म्हणजे त्याच्या आयुष्यात पुढे काय घडणार ते माझ्या चेहऱ्यावर आधी दिसायचं. त्याने माझ्याकडे पाठ केली. मग म्हणाला, "श्वास घेऊ नकोस, त्यावरूनही कळतं." उशी तोंडावर धरून मी चौथा सेट पाहिला. सिनर ५-३ ने पुढे, अल्काराझची सर्व्हिस, ०-४०, तीन चॅम्पियनशिप पॉइंट. तीनही अल्काराझने वाचवले. उशीतून जो आवाज आला त्याचा अर्थ नवरा अर्धा मिनिट लावत बसला.

आणि भिंतीपलीकडे कुणीतरी होतं. त्यांच्या रिमोटची टीव्हीशी ओळख असावी, कारण तिथला "अरेरे" माझ्याही आधी यायचा. माझ्या फोनवर अल्काराझ सर्व्हिसला उभा असायचा आणि भिंत आधीच हळहळलेली असायची. शेवटचा टायब्रेक अल्काराझने १०-२ असा जिंकला, पाच तास एकोणतीस मिनिटांनी. आम्हाला तो भिंतीने सांगितला.

दुसऱ्या दिवशी गाडीत बॅगा ठेवताना शेजारच्या खोलीतले काका भेटले. "रात्री तुमचं जोरात चालू होतं. कोण कुणाच्या बाजूने?"

"दोघंही अल्काराझच्या," आम्ही म्हणालो.

त्यांनी जरा विचार केला. "मग भांडण कशावरून?"

"त्याचा खेळ मूळचा कुणाचा यावरून. फेडररचा की राफाचा."

काका हसले. ज्यांचा माणूस चोवीस ग्रँड स्लॅम जिंकलेला असतो ते असेच हसतात. "जोकोविचचा," ते म्हणाले. "अहो, हरता हरता जिंकणं त्याचंच की. एकोणीसची विम्बल्डन आठवा. चाळीस-पंधरा असताना…"

नवरा डिकीत वाकलेला होता, तो तसाच राहिला.

"काका," माझ्या तोंडून निघालं, "त्या सामन्यात एकूण पॉइंट फेडररने जास्त जिंकले होते. २१८ विरुद्ध २०४. एसही जास्त, विनर्सही जास्त. नुसता निकाल काय बघता?"

काका "बरं बरं" म्हणत त्यांच्या गाडीकडे वळले. नवऱ्याने डिकी लावली आणि ड्रायव्हिंग सीटवर येऊन बसला. पहिलं वळण येईपर्यंत त्याने दम धरला.

"म्हणजे तू मान्य करतेस तर."

"क्लेवर चौदा-दोन," मी म्हणाले. "समोर बघून चालव."