‘लापता लेडीज’ चोरीचा आहे असं म्हणण्याआधी

‘लापता लेडीज’ या किरण राव यांच्या हिंदी चित्रपटात घुंगटामुळे दोन नवऱ्यांची, फूल आणि जया यांची, अदलाबदल होते. हा चित्रपट ढापलेला आहे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पोस्ट अजूनही फिरताहेत. मला हे पटत नाही, आणि एका लेखकाच्या कष्टांबद्दल इतक्या सहज बोललं जातं याचा त्रास होतो.

एप्रिल २०२५ मध्ये ‘बुरका सिटी’ या २०१९च्या लघुपटातला एक तुकडा व्हायरल झाला. दिग्दर्शक फ्रेंच, फाब्रिस ब्राक. बुरख्यामुळे नवरा भलत्याच बाईला घरी आणतो, मग बायकोचा फोटो दाखवत फिरतो, आणि फोटोतही बुरखाच! ‘लापता लेडीज’मधला आपला दीपक, फूलचा नवरा, पोलिसांना तिचा घुंगटातला फोटो दाखवतो. साम्य आहे, ते नाकारू नये. पण ‘लापता लेडीज’चे कथालेखक बिप्लब गोस्वामी यांनी थेट तारखा मांडल्या. सविस्तर कथासार जुलै २०१४ मध्ये स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवलेलं, ‘टू ब्राइड्स’ ही पूर्ण पटकथा २०१८ची. फोटोचा प्रसंग त्या कथासारातच होता, असं ते सांगतात. म्हणजे लघुपटाच्या पाच वर्षं आधी. तो तुकडा शेअर करणाऱ्यांपैकी किती जणांनी हे वाचलं?

‘लापता लेडीज’ आपल्या जुन्या चित्रपटासारखाच आहे, हे दिग्दर्शक अनंत महादेवन यांचं म्हणणं मला जास्त वजनाचं वाटतं. ‘मी सिंधुताई सपकाळ’ करणारा हा माणूस उगाच बोलणार नाही. त्यांच्या १९९९च्या ‘घूंघट के पट खोल’मध्येही रेल्वे स्टेशनवर घुंगटातल्या नवऱ्या बदलतात.

तरीही नवरी बदलणं ही कल्पना कुणा एकाची कशी म्हणणार? टागोरांच्या ‘नौकाडुबी’त, १९०६ साली, नाव बुडते आणि रमेश दुसऱ्याच नवरीला आपली समजून घरी नेतो. कायदाही हेच सांगतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे आपलं नाटक ‘न्यू दिल्ली’ या विनोदी चित्रपटाने उचललं, अशी आर. जी. आनंद यांची तक्रार होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली: कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर असतो.

आणि मांडणी बघा ना! अदलाबदल सुरुवातीलाच उरकते. खरा सिनेमा पुढे आहे. जया चुकून नाही, ठरवून लपते, कारण तिला डेहराडूनला जाऊन जैविक शेती शिकायचीय. सासरच्या गावाचं नावही न आठवणारी फूल स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणाऱ्या मंजू माईच्या हाताखाली पहिल्यांदा स्वतःचे पैसे कमावते. लाच खाणारा पोलीस अधिकारी श्याम मनोहर शेवटी जयाच्या बाजूने उभा राहतो. हे सगळं नवरी बदलली की आपोआप येत नाही, कुणीतरी बसून लिहावं लागतं.

महादेवन यांची तक्रार मात्र ‘कल्पना सगळ्यांचीच’ म्हणून झटकू नये. स्टेशनवर नवरीला बाकावर बसवून जाणं, परत येऊन दुसरीलाच घेऊन निघणं, असे नेमके तपशील त्यांनी सांगितले आहेत. त्यांचा चित्रपट प्रेक्षकांना सहज बघता येईल असा पुन्हा उपलब्ध व्हायला हवा. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून, प्रसंगागणिक बघू. तोवर गोस्वामींना चोर म्हणायला मी तयार नाही.