सहा लाख हदीस आणि चुकलेला भागाकार

"इमाम बुखारींनी 16 वर्षांत सहा लाख हदीस तपासल्या, म्हणजे दिवसाला शंभरावर. प्रत्येकीआधी आंघोळ आणि दोन रकात नमाज. अशक्य! त्यातल्या 99 टक्के खोट्या म्हणून फेकल्या. तेही पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी, ऐकीव गोष्टींवरून, खलिफांच्या सोयीने." हा मजकूर फोनाफोनी फिरतो आहे. हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्या वचनांची आणि कृतींची नोंद, आणि 'सहीह' हा बुखारींनी निवडलेल्या हदीसांचा संग्रह. त्यातले आकडे ओळखीचे आहेत, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला आहे.

आधी भागाकार. आंघोळ आणि नमाजेबद्दल बुखारींचं जे विधान नोंदलं गेलं आहे, ते 'सहीह'मध्ये घातलेल्या हदीसांपुरतं आहे, तपासलेल्या प्रत्येकीबद्दल नाही. हदीसअभ्यासक इब्न सलाह यांच्या मोजणीनुसार पुनरुक्तीसह 'सहीह'मध्ये 7,275 हदीस आहेत. 16 वर्षांचे 5,840 दिवस धरले, तर चार दिवसांत पाच हदीस होतात. शिवाय हदीस जमवणं या 16 वर्षांत सुरू झालेलं नाही. ते बालपणापासून चालू होतं, आणि वयाच्या सोळाव्या वर्षी इब्न मुबारक आणि वकीअ या आधीच्या विद्वानांचे ग्रंथ त्यांना पाठ होते.

आता सहा लाख. हदीसशास्त्रात मोजणी मजकुराची (मतन) नसते, सनदीची असते. सनद म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी. एकच वाक्य दहा वाटांनी आलं, तर हिशेबात दहा हदीस धरल्या जातात. सहाबा (पैगंबरांचे सोबती) आणि ताबिईन (त्यांच्या नंतरची पिढी) यांची वचनंही याच आकड्यात येतात. 'कर्मे हेतूवर अवलंबून असतात' ही 'सहीह'मधली पहिलीच हदीस घ्या. उमर, अल्कमा, मुहम्मद बिन इब्राहीम, याह्या बिन सईद इथपर्यंत तिची साखळी एकेरी आहे. याह्यांकडून मात्र ती पुष्कळ शिष्यांनी ऐकली आणि फाटे फुटले. खुद्द बुखारींनी ती सात ठिकाणी दिली आहे.

'बाकीच्या खोट्या' हे तर त्यांच्याच शब्दांविरुद्ध जातं. ग्रंथाच्या मूळ लांबलचक नावात 'मुख्तसर', म्हणजे संक्षिप्त, हा शब्द आहे. ग्रंथ फार मोठा होईल म्हणून अनेक सहीह, म्हणजे खात्रीच्या, हदीस आपण सोडल्या, असं ते सांगत. ज्या घेतल्या नाहीत, त्या सगळ्या बनावट ठरवल्या असं मानणं म्हणजे निवडक अभंगांच्या पुस्तकाबाहेरचे सगळे अभंग प्रक्षिप्त मानण्यासारखं आहे.

दोनशे वर्षांचा मुद्दा जरा सावकाश पाहायला हवा. पैगंबरांचं निधन 632 मध्ये झालं आणि बुखारींचा जन्म 810 मध्ये. अंतर खरं आहे, पण ते रिकामं नव्हतं. मालिक यांचा 'मुवत्ता' आणि अब्दुर्रज्जाक यांचा 'मुसन्नफ' हे हदीससंग्रह आधीच लिहिले गेले होते. त्याहून जुनी हम्माम बिन मुनब्बिह यांची 'सहीफा'. पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांच्या या शिष्याच्या वहीत 138 हदीस आहेत. हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह यांनी तिची हस्तलिखितं बर्लिन आणि दमास्कसमध्ये शोधून ती छापली. अब्दुर्रज्जाक, मअमर, हम्माम, अबू हुरैरा याच वाटेने आलेल्या हदीस 'सहीह'मध्ये आहेत, त्यामुळे कोणालाही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. शिवाय 'सहीह'मधल्या 22 हदीसांमध्ये बुखारी आणि पैगंबर यांच्यात फक्त तीन रावी (हदीस पुढे सांगणारे) आहेत. त्यांतल्या 11 मक्की बिन इब्राहीम यांच्याकडून आल्या.

याचा अर्थ ग्रंथावर शंका घ्यायचीच नाही, असा नाही. चौथ्या हिजरी (इसवी दहाव्या) शतकात हदीसतज्ज्ञ दारकुत्नी यांनी त्यातल्या काही सनदींवर आक्षेप नोंदवले, आणि उलेमांनी ते जपून त्यांना उत्तरं दिली. शंका घ्यावी तर अशी, नेमक्या सनदीवर बोट ठेवून.

सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा आरोप मात्र अन्यायाचा आहे. बुखाऱ्याचा अमीर खालिद बिन अहमद याने बुखारींना वाड्यावर येऊन ग्रंथ वाचून दाखवण्याचा निरोप पाठवला. ज्याला ऐकायचं त्याने माझ्या मशिदीत किंवा घरी यावं, असं उत्तर गेलं. परिणामी शहर सोडावं लागलं, आणि 870 मध्ये समरकंदजवळच्या खरतंक गावी ते वारले.

त्याआधी निशापूरमध्ये हदीसविद्वान मुहम्मद बिन याह्या जुहली यांनी, माणसाने केलेला कुरआनचा उच्चार निर्मित आहे की नाही या वादावरून, लोकांना बुखारींकडे जायला मनाई केली होती. एवढं होऊनही जुहलींच्या रिवायती (त्यांनी सांगितलेल्या हदीस) बुखारींनी 'सहीह'मधून काढल्या नाहीत. पूर्ण नाव घेतलं नाही, कुठे नुसतं 'मुहम्मद' म्हटलं, पण रावी विश्वासू होता म्हणून त्याची साक्ष ठेवली.