‘४ टक्के फुकट’ मिळत नाहीत

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची (समुद्रात पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, मग हाफ मॅरेथॉन) तारीख जवळ आली की पुण्या-कोल्हापुरातल्या ट्रायथलॉनच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. पाठवणारा बदलतो, मजकूर साधारण तोच: ट्रेनिंगचे जड शूज रेसला घालू नका. कार्बन प्लेटचे (तळात कार्बन फायबरची ताठ पट्टी असलेले) हलके शूज घ्या आणि रेसच्या दिवसापर्यंत खोक्यातून काढू नका, म्हणजे ‘स्प्रिंग’ ताजी राहते. वेग ४ टक्के वाढतो, हाफ मॅरेथॉनमध्ये पाच मिनिटं फुकट. सायकलनंतर पाय थकले की प्लेट पुढे ढकलते. तळ जाड, त्यामुळे दुखापत नाही. सॉक्सची गरज नाही. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगेही हेच घालतो.

सगळंच थाप असतं तर सोडून दिलं असतं. पण यात खरं आणि खोटं असं कालवलंय की लोक वीस-पंचवीस हजार मोजतात आणि रेसनंतर पोटऱ्या चोळत बसतात.

आधी ते ४ टक्के. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नायकीच्या व्हेपरफ्लाय या कार्बन प्लेटवाल्या शूजच्या नमुन्यावर चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले, तिथून तो आला. पण तिथे वेग मोजलाच नव्हता. मोजली होती ती ठरावीक वेगाने पळताना खर्च होणारी ऊर्जा, आणि ती सरासरी ४ टक्क्यांनी कमी भरली. ऊर्जा ४ टक्के वाचली म्हणजे वेग ४ टक्के वाढला, असं होत नाही. वेगवान धावपटूंना तर वाढत्या वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढत जातो, त्यामुळे त्यांच्या पदरात त्याहून कमीच पडतं.

शिवाय पळणारे कोण होते? १० किलोमीटर ३१ मिनिटांच्या आत पळणारे १८ पुरुष. चाचणीचे वेग ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर, आणि तेही ताज्या पायांनी पाच-पाच मिनिटं. आपल्यातले बहुतेक जण ७०.३ मधली हाफ किलोमीटरला सहा-सात मिनिटं लावत पळतात, ऊन चढल्यावर अधूनमधून चालतातही. या वेगाला काय मिळतं, तेही नंतर तपासून झालं आहे. २०२३ च्या एका अभ्यासात ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत १.४ टक्के आणि ताशी १० ला जेमतेम ०.९ टक्के निघाली. काही जणांना तर या शूजमध्ये उलट जास्तच ऊर्जा लागली. ताशी १० ने हाफ पळायला दोन तास सहा-सात मिनिटं लागतात. सगळी बचत वेगात उतरली असं उदार मनाने धरलं, तरी हाती येतं एक-सव्वा मिनिट. वाटेतल्या एड स्टेशनवर (पाणी-बर्फाच्या थांब्यावर) बर्फ घ्यायला थांबलात की ते गेलं.

‘हलके म्हणून वेगवान’ हेही अर्धंच खरं. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्का वाढतो, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. पण कोलोरॅडोच्या त्या चाचणीत हलक्या शूजमध्ये शिशाच्या गोळ्या घालून सगळ्यांची वजनं सारखी केली होती! म्हणजे ते ४ टक्के वजनाचे नव्हतेच. ते मुख्यतः तळातल्या फोमचे: दाबल्यावर साठलेल्या ऊर्जेतली ८७ टक्के तो परत देत होता, तुलनेतले शूज ६५ ते ७६ टक्के.

आणि मग ती ढकलणारी प्लेट. पुढे संशोधकांनी याच शूजच्या कार्बन प्लेटला आडवे काप देऊन तिचा ताठरपणा घालवला आणि धावपटूंना पुन्हा पळवलं. ऊर्जेच्या खर्चात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. तेव्हा थकलेल्या पायांना प्लेट ढकलत नेईल, या भरवशावर ९० किलोमीटर सायकल हाणू नका. सायकलवरून उतरल्यावर पावलं आखूड पडतात, कंबर वाकलेलीच राहते, टाच घासत येते. ताज्या पायांवरचा आकडा अशा पायांना जसाच्या तसा चिकटवता येत नाही. उंच, मऊ, टाचेशी अरुंद तळावर थकलेला घोटा यू-टर्नला कसा डुगडुगतो, ते रेसच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवायची गोष्ट नव्हे.

जाड तळ म्हणजे दुखापत नाही, हे विधान मात्र थेट धोक्याचं आहे. नवे शूज भार नाहीसा करत नाहीत, त्याची जागा बदलतात. पातळ तळाचे जुन्या धाटणीचे रेसिंग फ्लॅट तो पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर टाकतात. कार्बनवाल्यांबद्दल २०२३ मध्ये डॉक्टरांनी पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. असे शूज वापरणाऱ्या या पाचही जणांना पावलाच्या मधल्या, होडीच्या आकाराच्या हाडाला ताणामुळे इजा झाली होती. पाच जणांवरून शूजला दोषी ठरवता येत नाही, आणि त्या डॉक्टरांनीही सांगितलं ते एवढंच की बदल हळूहळू करा. खोक्यातून थेट स्टार्ट लाइनवर जाण्याच्या हे बरोबर उलट आहे.

सॉक्सचं म्हणाल तर छोट्या ‘स्प्रिंट’ ट्रायथलॉनच्या ५ किलोमीटर रनला ठीक. मिरामारला पाय समुद्रातून येतात, बोटांच्या बेचक्यात वाळू असते. टी-टूमध्ये, म्हणजे सायकल ठेवून पळायला निघण्याच्या थांब्यावर, ओलं पाऊल कोंबताना रेस शूजची कागदासारखी जीभ आत दुमडते आणि घाईत कोणी ती सरळ करत नाही. पुढे प्रत्येक एड स्टेशनवर डोक्यावर ओतलेलं पाणी निथळून शूजमध्येच उतरतं. २१ किलोमीटर. सॉक्स घालायला वीस सेकंद लागतात.

किपचोगे? व्हिएन्नाला २०१९ मध्ये त्याला पूर्ण मॅरेथॉनच्या अंतराला १:५९:४० लागले, ते ताशी २१ किलोमीटरने, ४१ पेसरांच्या (वेग धरून सोबत पळणाऱ्यांच्या) आडोशाने. आधी ९० किलोमीटर सायकल नव्हती.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे: असा फोम लवकर दमतो, रोजच्या सरावात तो झिजवू नये. पण जपून वापरणं वेगळं आणि अजिबात न वापरणं वेगळं. घ्यायचेच असतील तर पाच-सहा आठवडे आधी घ्या. सुरुवातीला सोप्या रनच्या शेवटी दोन-तीन किलोमीटर, मग वेगाच्या एखाद-दोन सेशनला, मग सायकलनंतरच्या ब्रिक रनला, रेसचेच सॉक्स घालून आणि मुद्दाम पाय ओले करून. पोटरी दुसऱ्या दिवशी काय म्हणते ते पाहूनच पुढचं अंतर वाढवा.

रेसला दहा दिवस उरलेत आणि खोकं अजून उघडलेलं नसेल, तर ते तसंच राहू द्या. ट्रेनिंगचेच शूज घाला आणि त्यांना आजच इलॅस्टिक लेस लावून टाका. टी-टूमधले तेवढे सेकंद तरी नक्की वाचतात.