प्लेलिस्ट पुसण्याआधी

आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच चर्चा आहे. मुलं उदास, काळोखी गाणी ऐकतात, मरणाबिरणाची पुस्तकं वाचतात, हे सगळं बंद करा. एका आईने लेकीच्या मोबाइलमधली प्लेलिस्टच पुसून टाकल्याचं कळवलं, तर खाली अंगठ्यांची रांग लागली. त्या आईची भीती मला पुरती कळते, माझ्याही घरात दहावीतली मुलगी आहे. तरी ही वाट चुकीची आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ही भीती फार जुनी. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटेची वेर्थर नावाच्या तरुणावरची कादंबरी आली. प्रेमात होरपळलेला हा वेर्थर शेवटी स्वतःला संपवतो. युरोपभर पोरं त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून हिंडू लागली, काही मृत्यूंचा संबंध पुस्तकाशी जोडला गेला. १७७५ मध्ये लाइपझिग शहराने कादंबरीवर तर बंदी घातलीच, त्या पोशाखावरही घातली. पुढच्या आवृत्तीत गटेने ओळी घातल्या, माझ्या मागे येऊ नकोस असं वाचकाला बजावणाऱ्या. म्हणजे धोका त्यालाही जाणवला असावा. आणि स्वतःच्या मनातलं दुःख त्या पुस्तकात ओतणारा हा माणूस पुढे ८२ वर्षांचा होईपर्यंत जगला, लिहीत राहिला. बंदी मागणाऱ्यांनी ही बाजूही बघावी.

गाण्या-पुस्तकांचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एका आत्महत्येचा गाजावाजा झाला की तिच्यामागून आणखी आत्महत्या होतात, याला 'वेर्थर इफेक्ट' हे नाव १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दिलं. पण त्याने तपासल्या होत्या त्या वर्तमानपत्रातल्या बातम्या. पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी झळकली की त्यानंतर आत्महत्या वाढत, आणि बातमी जितकी गाजे तितकी वाढ मोठी. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत १९८० च्या दशकात असे मृत्यू वाढत चालले होते. १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी वृत्तपत्रांना विनवलं की भडक मथळे आणि बारीकसारीक तपशील छापू नका. वृत्तपत्रांनी ऐकलं, आणि त्या रेल्वेतले मृत्यू झपाट्याने कमी झाले. एकही गाणं बंद करावं लागलं नाही.

आता आपल्याकडे बघा. दहावी-बारावीचा निकाल लागला की पुढचे काही दिवस काय काय छापून येतं, दाखवलं जातं! मुलीचा हसरा फोटो, चिठ्ठीतला मजकूर, कुठे आणि कसं याचं वर्णन, आणि कारण म्हणून एकच ओळ: कमी मार्क मिळाले. असं करू नका, हे भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली, त्यातल्या सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या. निकालानंतरच्या त्याच बातम्यांचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर हळहळीच्या इमोजीसकट पुढे ढकलले जातात आणि ते मुलांच्या हातातल्या मोबाइलवरही पोचतात. मला याचा फार राग येतो.

कलाकृतीत काय दाखवलं आणि कसं दाखवलं, यालाही महत्त्व आहेच. एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरच्या मालिकेतला तिच्या मृत्यूचा प्रसंग नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये, मालिका आल्यावर दोन वर्षांनी, कापला. योग्य केलं, आधीच करायला हवं होतं. मरणाला सुटकेचा मार्ग म्हणून सजवणं वेगळं आणि दुःख खरंखुरं मांडणं वेगळं. ऑस्ट्रियातल्याच संशोधकांना २०१० मध्ये असंही दिसलं की टोकाचा विचार मनात येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांबद्दल छापून येतं, तेव्हा आत्महत्या कमी होताना दिसतात.

आपल्या आज्या-पणज्या जात्यावर काय गात होत्या? सासुरवास, गेलेलं लेकरू, तुटलेलं माहेर. त्याहून काळोखं आणखी काय असतं! पण बरेचदा समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असे, ओवी तिच्याही कानावर पडे. आमची मुलं तेच दुःख हेडफोन लावून, दार लावून एकटी ऐकतात. माझ्या लेकीची गाणी मला आधी ऐकवेनात. मग तिच्या शेजारी बसून ऐकली आणि विचारलं, यातलं तुला सगळ्यात जवळचं कुठलं वाटतं? ती रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली. वर्गात तिला कसं एकटं पाडलं जातंय हे मला तेव्हा कळलं. प्लेलिस्ट पुसली असती तर ते कधी कळलं असतं?

मूल जेवेनासं झालं, मित्रमैत्रिणी तोडू लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, मी नसते तर बरं असं म्हणू लागलं, तर गाण्यावर चर्चा करत बसू नका. सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या ग्रुपवर मी तो आज टाकलाय. तुमच्याही ग्रुपवर टाका.